रविवारचे सेकंद

आमच्या त्रामलाँ गावात कुणाला वेळ विचारा. तो मनगट बघेल आणि म्हणेल, "सव्वादहा. पण हे चार सेकंद पुढे आहे हं." त्या चार सेकंदांशी तुमचं काही घेणं-देणं नसतं, तरी सांगितल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडत नाही. सगळं गावच घड्याळांवर पोसलेलं. घरटी एक माणूस कारखान्यात, आणि जे गाई-घोडे राखतात तेही हिवाळ्यात खिडकीशी बसून घड्याळाचे बारीक स्क्रू घासणारे.

मी नेली मातेय. सव्वीस वर्षं कारखान्याच्या तपासणी खोलीत खिडकीमागे बसले. माझ्या तोंडाला लागू नये असं गावात म्हणतात, ते खरं आहे. नवरा कामासाठी म्हणून जिनिव्हाला गेला तो तिकडचाच झाला. माझ्यापेक्षा कमी बोलणारी कुणीतरी सापडली असणार त्याला. तेव्हापासून मी कुणाची भीड धरायची सोडून दिली. पण आज सांगायला बसले आहे ती माझी रड नाही. व्हर्जील कालाम यांच्याबद्दल सांगायचं आहे, कारण त्यांचं मी भलं करायला गेले होते आणि काय करून ठेवलं ते कुणाला तरी एकदा सांगून टाकावं असं फार दिवस मनात आहे.

नवं घड्याळ बाजारात जायच्या आधी आमच्याकडे फ्रीजमध्ये ठेवून तपासतात, भट्टीत ठेवून तपासतात, उलटं-सुलटं टांगून तपासतात. पण माणूस काही फ्रीजमध्ये राहत नाही. म्हणून गावातली नऊ माणसं कारखान्यानं धरून ठेवली होती. आम्ही त्यांना नुसतं 'घालणारे' म्हणायचो. काम एवढंच, की दिलेलं घड्याळ चौदा दिवस हातात घालायचं. जेवताना, झोपताना, भांडताना, काढायचं म्हणून नाही. दुपारी साडेबाराला रेडिओवर वेधशाळेचे ठोके लागतात. त्या ठोक्याला घड्याळ किती सेकंद पुढे, किती मागे, ते छोट्या वहीत मांडायचं आणि दर सोमवारी वही घेऊन माझ्या खिडकीशी यायचं.

त्या वह्यांनी मला जे शिकवलं ते चर्चमधल्या पाद्र्यालाही ठाऊक नव्हतं. घड्याळ उताणं पडलेलं असलं की एक चाल, कुशीवर असलं की दुसरी. कोण कुठल्या कुशीवर झोपतो ते मी सेकंदांवरून सांगायची. बेकरीवाला रोबेर पहाटे पीठ मळायचा, त्याचं घड्याळ हिसके खाऊन खाऊन पुढे पळायचं. आणि टपालवाल्याचं घड्याळ दर गुरुवारी हातातून उतरून कुणाच्या तरी टेबलावर उताणं पडलेलं असतं, हे मला त्याच्या बायकोच्या आधी कळलं होतं. मी एकदा त्याला म्हटलंसुद्धा, "अहो, नियम आहे, काढायचं नाही." बिचारा कानापर्यंत लाल झाला.

घालणाऱ्यांत नववे होते कालाम. आमच्याच कारखान्यात एक्केचाळीस वर्षं घड्याळांची चाल जुळवायचं काम केलेला माणूस. केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यानं एवढीशी हलवायची आणि दिवसाचे दोन सेकंद जागेवर आणायचे. मोतीबिंदू झाला तेव्हा बाकावरून उठावं लागलं. साहेबांनी मग घालणारा म्हणून ठेवून घेतलं. त्यांची बायको ब्लांश त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. मूलबाळ नाही. घर गावाच्या पार वरच्या टोकाला, जिथून पुढं नुसती फरची झाडं.

सोमवारी बरोबर दहाला ते यायचे. आधी हॅट काढायची, मग "नमस्कार, मादाम मातेय," मग वही. डाव्या हातात तपासणीचं घड्याळ, उजव्या हातात ताडून बघायला त्यांचं स्वतःचं जुनं किल्लीचं. माझ्या खोलीत भिंतीवर मुख्य घड्याळ होतं, त्याच्याशी ते नवं घड्याळ लावून घ्यायचे, आणि ते बघायला मी हातातलं काम ठेवायची. सेकंदकाटा बारावर आला की काटे फिरवायची बाजूची चावी बाहेर. मिनिटकाटा पुढं नेऊन मागं आणायचा नाही, मागूनच हळूहळू पुढं आणून रेघेवर ठेवायचा, म्हणजे आतल्या दातांत सैलपणा राहत नाही. मग भिंग डोळ्याला लावून भिंतीकडं बघत उभं राहायचं, आणि ठोक्याला चावी आत. इतर आठ जण हे काम गप्पा मारता मारता उरकायचे. कालाम तेव्हा श्वासही घेत नसत.

घरी रेडिओचे ठोके ऐकताना ते स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला दारात उभे राहत, कारण रेडिओच्या भोंग्यात लोहचुंबक असतं. घड्याळाला दोन पट्टे, एक मनगटावर, एक घाम वाळायला टांगलेला. काच पुसायला मऊ चामड्याचा तुकडा कोटाच्या वरच्या खिशात, जिथं बाकीचे पुरुष रुमालाचं टोक मिरवतात. एकदा मला म्हणाले, "मादाम, तुम्ही घड्याळाला रात्री किल्ली देता असं दिसतंय."

"मग कधी देऊ? झोपताना आठवतं."

"सकाळी द्यावी. दिवसभर हिसके बसतात, तेव्हा अंगात जोर हवा. रात्री काय, पडून तर राहायचं. रात्री कुणीही निभावून नेतं."

"घड्याळाचं बोला मोस्य कालाम, माझं बोलू नका," मी म्हटलं. ते हसले. मग हसू आवरून वहीकडं बघायला लागले, आणि मला कळलं की तेही रात्र निभावून नेत नव्हते.

सदुसष्ट सालात कारखान्यानं नवं ऑटोमॅटिक काढलं. किल्ली द्यायची गरज नाही, आत एक वजन फिरतं, हात हलला की स्प्रिंग आपोआप भरते. नऊ जणांना नऊ घड्याळं दिली. पुढच्या सोमवारी आठ वह्या झकास आल्या. कालामांच्या वहीत शुक्रवारपासून सेकंद घसरत गेलेले, आणि शनिवारी नुसतं लिहिलेलं, 'संध्याकाळी पाचला थांबलं.'

घड्याळ बदलून दिलं. तेही शनिवारी थांबलं. तिसरं शनिवारी दुपारीच.

तेव्हा आमच्याकडे आम्मान म्हणून एक तरुण इंजिनिअर आला होता. जर्मन बोलणाऱ्या मुलखातला, आमची भाषा पुस्तकातून शिकलेला. गडी हुशार, पण माणूस समोर आला की त्यालाही कोष्टकात बसवायचा. तो माझ्या खिडकीत येऊन म्हणाला, "मादाम, घड्याळात दोष नाही. मी तिन्ही उघडून बघितली. दोष घालणाऱ्यात आहे. हा मनुष्य हलत नाही. क्रमांक नऊ रद्द करा."

"रद्द करा म्हणजे? तो काय तिकिटाचा नंबर आहे?"

"दुसरा कोणीतरी घ्या. जो हलतो असा."

सोमवारी कालाम आले तेव्हा मी खिडकीची काच पूर्ण वर सरकवली. आडपडदा न ठेवता सांगितलं. ते ऐकत राहिले, हॅटची कड बोटांनी फिरवत.

"दिवसभर करता तरी काय हो तुम्ही?" मी विचारलं.

"बसतो."

"आणि?"

"खिडकी आहे." मग म्हणाले, "डोळे जाण्याऐवजी हात थरथरायला लागले असते तर बरं झालं असतं. घड्याळ जन्मात थांबलं नसतं."

"थट्टा सुचतेय! अहो, रोज खाली दुधाच्या डेअरीपर्यंत चालत या. संध्याकाळी पाच मिनिटं हात झटका. कुणाला कळतंय?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी दानपेटीत हात घातला होता. "घड्याळासाठी मी चालायचं? मग तपासणी कुणाची, घड्याळाची की माझी? विकत घेणारा माणूस घड्याळासाठी हात झटकणार आहे का?"

"मग घरी बसा! नवा माणूस येईल तुमच्या जागी!"

माझा आवाज चढला होता. ते मात्र हळूच बोलले. "बसेन. पण मादाम, सोमवार गेला तर मग आठवड्याला कुठूनच सुरुवात राहणार नाही." आणि वही माझ्याकडं सरकवून निघून गेले.

मी दिवसभर धुसफुसत होते. पेन्सिली मोडल्या दोन. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, माझ्या खिडकीशी उभं राहणं, एवढंच त्या माणसाचं माणसांतलं येणं-जाणं होतं. आणि खोटं कशाला बोलू, त्या दहा मिनिटांसाठी मीही सोमवारी निळा ब्लाउज घालायची. वयानं मी पंचावन्न, ते बासष्ट. प्रेम वगैरे मोठे शब्द मला झेपत नाहीत. पण ते येणार नाहीत हे मला चालणार नव्हतं, एवढं पक्कं.

दुसऱ्या दिवशी मी आम्मानला गाठलं. "तुमचं घड्याळ कोण घेणार आहे?" मी विचारलं. "फक्त बर्फावर घसरणारी पोरं? म्हातारी माणसं घेणार नाहीत? पेन्शनीत निघताना भेट म्हणून काय देतात हो? घड्याळच ना? आणि तो म्हातारा ते घालून कुठं बसतो? खुर्चीत! मग शनिवारी ते थांबलं की तो कुणाला शिव्या देणार, स्वतःला का आपल्याला? तुमच्याजवळ आठ हलणारे आहेत. न हलणारा एकच आहे, आणि त्यालाच तुम्ही काढताय."

 आम्माननं कपाळावर हात मारून घेतला. "हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

"तुम्ही तिशीचे आहात म्हणून."

आठ दिवसांत छापील कागद तयार झाला. 'घालणारा क्रमांक नऊ. हालचाल: किमान. तपासणीच्या काळात राहणीत कोणताही बदल करू नये. बदल झाल्यास तो दिवस रद्द धरून चौदा दिवस नव्यानं मोजावेत.' कालामांनी खिडकीशी भिंग लावून तो अक्षर न् अक्षर वाचला.

"म्हणजे मी आहे तसा चालतो?"

"आहात तसेच चालता."

त्यांनी सही केली. पुढच्या सोमवारी कोटाच्या खिशातून जेन्शन या डोंगरी मुळीच्या कडू दारूची छोटी बाटली काढून माझ्या फळीवर ठेवली आणि गेले. मला तर आभाळ ठेंगणं झालं. आठवडाभर मी स्वतःवरच खूश होऊन हिंडत होते.

नाताळ आला. गायनमंडळाचं जेवण होतं, सगळ्या गावाला बोलावणं. मी म्हटलं, "येताय ना?"

"नाही जमणार, मादाम. कागदावर सही केली आहे."

मला वाटलं लाजतात. मग जानेवारीत त्यांच्या खालच्या घरातल्या तिघांचा पत्त्यांचा चौथा गडी वारला, त्यांनी दर गुरुवारी कालामांना बोलावलं. नाही म्हणाले. मार्चमध्ये शेजारणीच्या कुत्रीला पिल्लं झाली. त्यातलं एक, पांढऱ्या पायांचं, तिनं टोपलीत घालून यांच्या दारात आणून ठेवलं. तेही परत.

"अहो, कुत्र्यानं काय बिघडणार होतं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कुत्रं माणसाला हिंडवतं."

"मग हिंडा की!"

"मादाम मातेय," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "हलणारे आठ आहेत तुमच्याकडे. न हलणारा मी एकच. तुम्हीच ते आम्मानसाहेबांना सांगितलंत, त्यांच्याकडूनच कळलं मला. मी हललो तर माझी गरज काय?"

माझे शब्द माझ्याच तोंडावर येऊन आदळले. घरी गेले आणि त्या जेन्शनच्या बाटलीतला एक पेला घेतला. कडूजहर. आधी तो माणूस एकटा होता, पण ते आपलं परिस्थितीनं. कधी कुणी हाक मारली असती, कधी एखादं कुत्रं दारात आलं असतं, आणि हळूहळू सुटका झाली असती. मी त्याला एकटं राहायची नोकरी लावून दिली होती, वर सही-शिक्क्यानं.

आम्मान मात्र झपाटला होता. त्यानं आतलं वजन बदललं, त्याच्याखाली बारीक गोळ्यांचं बेअरिंग बसवलं. सुधारलेलं घड्याळ कालामांच्या मनगटावर नवव्या दिवशी थांबलं. पुन्हा सुधारलं, अकराव्या दिवशी थांबलं. प्रत्येक वेळी वहीत त्यांच्या ठसठशीत अक्षरांत वेळ लिहिलेली. सारा कारखाना एका म्हाताऱ्याच्या खुर्चीत बसण्याकडं डोळे लावून होता. अडुसष्टच्या सप्टेंबरात आम्माननं तिसऱ्यांदा सुधारलेलं घड्याळ आणलं आणि म्हणाला, "हे चौदा दिवस चालेल. नाही चाललं तर मी गावी जाऊन गाई राखीन."

पहिला आठवडा झाला, घड्याळ चालू. दुसरा आठवडा संपत आला, आणि रविवारी आमची कुरणावरची आग होती. सप्टेंबरात सगळेच करतात. फरच्या फांद्यांची मोठी आग करायची, निखारे पडले की कोबीच्या पानांत आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली सॉसेजं राखेत पुरायची आणि ती शिजेपर्यंत पत्ते कुटायचे. बेकरीवाल्या रोबेरनं मला बोलावलं होतं. तो चौदावा दिवस आहे हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणाले तर ते खोटं होईल. चांगलं ठाऊक होतं. पण मी म्हटलं, तेरा दिवस चाललंय, चौदाव्या दिवशी काय रडणार आहे! आणि रोबेरची गाडी वरच्या टोकाला न्यायला लावली.

कालाम दारात आले. घरात मागं सगळं इतकं नीटनेटकं, की बघवेना.

"चला," मी म्हटलं.

"मादाम, कागद..."

"कागद म्हणतो बसून राहा. तिथंही बसूनच राहायचंय. गाडीत बसा, कुरणावर खुर्चीत बसा. बसणं ते बसणं. का तुमची खुर्ची वेगळी आणि रोबेरची वेगळी?"

त्यांनी आकाशाकडं बघितलं. निळंभोर होतं. मग आत जाऊन हॅट घेऊन आले.

तासभर ते खरोखर बसून राहिले, दोन्ही हात मांडीवर, दोन्ही मनगटांवर घड्याळं. रोबेर आणि त्याचा मेव्हणा आग पेटवत होते, नुसता धूर. ओली लाकडं घातलेली. कालामांची चुळबूळ मला दिसत होती. शेवटी ते उठलेच. "असं नाही, असं नाही. खालून हवा कुठं आहे?" सगळा ढीग विस्कटला, झाडांखाली जाऊन सुक्या फांद्या ओढून आणल्या, गुडघ्यावर मोडल्या. दहा मिनिटांत ज्वाळा पुरुषभर उंच. रोबेर ओरडला, "अरे, हे बोलतात! हे चालतात!" आणि कालाम मोठ्यानं हसले. दोन वर्षांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते.

मग त्यांना थांबवणारं कोण होतं! राखेतून सॉसेजं उकरली त्यांनी, ब्रेड कापला त्यांनी. पत्त्यांच्या डावाला माझे जोडीदार होऊन बसले आणि हुकुमाचं पान आपटताना टेबल हादरवलं. "घ्या!" प्रत्येक पानाला "घ्या!" रोबेरची बायको मला कोपरानं ढोसत होती. मी तिला म्हटलं, गप्प बस.

उन्हं उतरल्यावर आवराआवर. मी लोकरी घोंगडं झटकत होते, तर त्यांनी न सांगता दुसरी दोन टोकं धरली. दोघांनी ताणलं, घडी केली, टोकं जुळवायला ते माझ्याजवळ आले, माझ्या हातात त्यांची टोकं दिली. पुन्हा मागं गेले, पुन्हा जवळ आले. घोंगडं लहान होत होत एवढंसं झालं, तरी ते धरून उभे होते.

"ब्लांश गेल्यापासून दोघांनी घडी केली नव्हती," ते म्हणाले. "एकट्यानं टोकं जुळत नाहीत."

मी त्या घोंगड्याची उगाच आणखी एक घडी केली. त्या संध्याकाळी मी सुखात होते, आणि तेही होते. हे मी शपथेवर सांगेन.

सोमवारी दहाला ते आले. आम्मान आधीच माझ्या खोलीत येऊन उभा, हात चोळत. कालामांनी हॅट काढली, डावा हात खिडकीवर ठेवला. घड्याळ चालू होतं. भिंतीवरच्या घड्याळाशी ताडलं, तीन सेकंद पुढे.

"चौदा दिवस!" आम्मान ओरडला. "मादाम, चौदा दिवस!" त्यानं माझा हात धरून हलवला, कालामांचा हलवायला गेला, तर कालामांनी त्याच्या हातात वही ठेवली.

वहीत शेवटच्या ओळीखाली लिहिलं होतं, 'रविवार: घालणारा दिवसभर हिंडला. लाकडं आणली, पत्ते खेळला. हा दिवस धरू नये.'

आम्मानचा चेहरा उतरला. त्यानं ते दोनदा वाचलं. मग, आश्चर्य बघा, तो कोष्टकवाला पोरगाच म्हणाला, "मोस्य कालाम, एक दिवस. एका दिवसानं काय होतं? तेरा दिवस चाललं होतंच."

"शनिवारी रात्री त्यात किती दम उरला होता ते तुम्हाला माहीत आहे का?" कालाम म्हणाले. "मला नाही माहीत. कदाचित चाललं असतं. कदाचित काल दुपारी थांबलं असतं. मी काल ते गच्च भरलं."

"पान फाडा ते!" मी म्हटलं. "नवीन पानावर उतरवून द्या. आम्ही दोघं इथं आहोत, दोघंही बोलणार नाही. नुसतं बसून राहिलात, असं लिहा. कुणाचं काय जातंय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर मी भांडले असते.

"चांगला दिवस होता, मादाम मातेय," ते म्हणाले. "फार चांगला. म्हणूनच तो चालायचा नाही."

आम्मान बाहेर गेला. नियमाप्रमाणे रद्द दिवसावर रेघ मी मारायची असते, तांबड्या शाईनं, आणि बाजूला माझी सही. मी पट्टी घेतली, टाक बुडवला. इतकी वर्षं माणसांच्या आजारपणांवर, लग्नांवर, बाळंतपणांवर मी अशा रेघा मारल्या होत्या, काही न वाटता. त्या दिवशी 'पत्ते खेळला' या शब्दांवरून टाक पुढं जाईना. कालाम खिडकीपलीकडं थांबले होते. मी रेघ पूर्ण केली. सही केली. मग त्यांनी घड्याळ पुन्हा लावून घेतलं, चावी बाहेर, काटा मागून रेघेवर, श्वास रोखून, चावी आत.

"पुढच्या रविवारी?" मी विचारलं. विचारू नये हे कळत असून विचारलं.

"चौदा दिवस आहेत, मादाम."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर आम्मानसाहेबांनी नवं काही काढलेलं असेल." त्यांनी हॅट घातली. जाता जाता मागं वळून म्हणाले, "घोंगडं उन्हात घाला. धुराचा वास राहतो."

पुढच्या सोमवारी दहाला ते आले. नमस्कार, हॅट, वही. मी त्यांच्या तोंडाकडं न बघता आधी शेवटची ओळ काढली. 'रविवार: घरीच होतो. कुणी आलं नाही. आकडा धरावा.' मी तो माझ्या रजिस्टरात उतरवून घेतला.